बदली कुणाची करायची?

हॉटेलात नोकरी करते म्हटलं की आमच्या उज्जैनच्या मराठी समाजात लोक आधी विचारायचे, "रिसेप्शनवर का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा जरा मोकळा व्हायचा. मग मी हाउसकीपिंग बघते असं सांगितलं की परत आखडायचा. "म्हणजे झाडू-पोछाच ना?" असं एका लग्नाच्या पंगतीत एका वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी म्हटलं, "हो वहिनी, पण दुसऱ्यांकडून करून घेते." त्यांना ते जरा बरं वाटलं.

या अंकासाठी संपादकांनी मला हॉटेलातल्या गमती लिहायला सांगितल्या होत्या. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले तेव्हा एकच प्रकरण सारखं पुढे येत राहिलं. तेव्हा गमती थोडक्यात आटोपते.

हाउसकीपिंग म्हणजे काय, तर पाहुणा खोलीत शिरतो तेव्हा त्याच्या आधी तिथं कोणी राहून गेलंय हे त्याला कळू न देणं. उशीवर केस दिसता कामा नये, पेल्यावर बोटाचा ठसा दिसता कामा नये. सांगायला सोपं आहे. आमचं हॉटेल नानाखेड्याला, बस स्टँडपासून जवळ. तिथं येणारा पाहुणा महाकाळाच्या दर्शनाला आलेला असतो. पहाटेची भस्मारती करून तो कपाळभर भस्म घेऊन येतो आणि तसाच उशीवर आडवा होतो. पांढऱ्या अभ्र्यावर राखाडी कपाळ उमटतं, त्याच्या मधोमध कुंकवाचा टिळा. धोबी हात जोडायचा. क्षिप्रेत भिजलेली धोतरं एसीच्या जाळीवर वाळत घातलेली मी पाहिली आहेत. एका कुटुंबानं बाथरूममध्ये छोटा गॅस मांडून दाल-बाफले, म्हणजे बाटीसारखे कणकेचे गोळे, केले होते. मी रागवायला गेले तर आजींनी तूप ओतलेला बाफला माझ्याच हातावर ठेवला. खाल्ला. उत्तम झाला होता.

एक नियम मात्र गमतीचा नाही. खोली साफ करताना दार सताड उघडं ठेवायचं आणि चादरी-टॉवेलची ट्रॉली दारात आडवी लावायची. बाहेरच्यांना वाटतं, सामान हाताशी असावं म्हणून. ते आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. बंद खोलीत, पलंगाशेजारी, एकट्या बाईला काम करायचं असतं. ट्रॉली दारात असली की दार बंद करता येत नाही. नवीन मुलीला मी हे पहिल्याच दिवशी शिकवायची. कारण सांगायची नाही, त्यांना आपोआप कळायचं.

ममता माझ्याकडे आली तेव्हा पंचविशीची असेल. ममता हे तिचं खरं नाव नाही. कायद्यानं ते छापता येत नाही, म्हणून दुसरं कोणतं लिहू असं तिलाच विचारलं, तर हे तिनं निवडलं. मक्सी रोडवरच्या गावची. नवरा दिनेश मंडीत हम्माली करायचा, एक लहान मुलगी होती. कामाला चटपटीत, बोलायला कमी. पण बोलली की नेमकं बोलायची. एकदा एका पाहुण्यानं तिला दटावलं, "तुम लोग ठीक से सफाई नहीं करते।" ही म्हणाली, "साब, आप जूते उतार दो, फिर देखो।" मी तिला रागावले आणि आत जाऊन हसले.

आमचे जनरल मॅनेजर, ज्यांना सगळे जीएम साहेब म्हणायचे, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायचे. कुटुंब दुसऱ्या शहरात. माणूस कामात पक्का. लग्नाचे हॉल वर्षभर भरलेले ठेवायचा, मालक खूश. पाहुण्यांशी असा गोड बोलायचा की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. मलाही तो कधी वावगं बोलला नव्हता. मी त्याच्या आईच्या वयाची.

एक दिवस त्यांच्या खोलीला कोणाला पाठवायचं हे मी ठरवत होते, तर खालून निरोप आला, "साहेबांनी ममताला सांगितलंय." दुसऱ्या दिवशी परत. चांगलं काम करते म्हणून असेल, असं मला वाटलं. मग एका सकाळी ती चादरींच्या खोलीत घड्या घालत उभी होती आणि तीच तीच चादर परत उलगडत होती.

मी म्हटलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं दीदी."

मी दार लोटून घेतलं आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. थोड्या वेळानं ती चादरीकडेच बघत बोलायला लागली. साहेब रोज ट्रॉली आत घ्यायला लावायचे. बाहेर पाहुण्यांना दिसते, बरं दिसत नाही म्हणून. मग ते दाराच्या तोंडाशी असे उभे राहायचे की हिला अंग चोरून जावं लागायचं. त्या दिवशी त्यांनी दार लावलं आणि तिला धरलं. तिनं हातातली फिनाइलची बाटली त्यांच्या बुटांवर ओतली आणि सुटली.

"मैं नौकरी छोड़ दूँ क्या, दीदी?"

"तूने क्या किया है जो छोड़ेगी?"

पुढच्या दिवसापासून मी साहेबांच्या खोलीला बलरामला पाठवलं. बलराम आमचा जुना रूम बॉय. बॉय म्हणायचं इतकंच, त्याच्या मुलीचं लग्न झालेलं होतं. तो पाच मिनिटांत परत आला. "साब बोले, तू नहीं, ममता को भेज." मी त्याला तसाच परत पाठवला. दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज नेहमीसारखाच गोड. "मॅडम, हाउसकीपिंग आप चला रही हैं या मैं?"

मी म्हटलं, "सर, हाउसकीपिंग तो मैं ही चला रही हूँ।"

त्यानंतर ममताचं नाव सगळ्यात घाणेरड्या कामांना वरूनच लागून यायला लागलं. लग्नाच्या हॉलमागची संडासं, किचनच्या नाल्या. ती करत राहिली. पण एक दिवस म्हणाली, "दीदी, शिकायत करनी है।" मी तिला तसं कर म्हणाले नव्हते, हे मुद्दाम लिहिते. नंतर पुष्कळांनी, मीच तिच्या डोक्यात भरवलं असं म्हटलं.

आमच्या स्टाफ कँटीनच्या भिंतीवर एक बोर्ड होता. महिला कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी समिती, असा मथळा. त्याखाली सदस्यांची नावं. आम्ही रोज त्याच्याखाली जेवायचो, वाचला कोणी नव्हता. आता वाचला. अध्यक्षा म्हणून जिचं नाव होतं ती बाई नोकरी सोडून कधीच पुण्याला गेली होती. बाहेरची सदस्य असावी लागते, त्या जागी काहीच नव्हतं. आणि सदस्यांत जीएम साहेबांचं नाव होतं. ममतानं माझ्याकडे पाहिलं. "तो इनकी शिकायत इनको ही दूँ?"

म्हणून आम्ही एचआरकडे गेलो. कंपनीची तीन-चार हॉटेलं, एचआरचं ऑफिस इंदूरला. तिथल्या प्रमुख अनघा मॅडम. मराठीच, इंदूरच्या. पस्तिशीची, हुशार, मोठ्या कॉलेजात शिकलेली मुलगी. मला काकू म्हणायची. तिच्या आईची आणि माझी एका हळदीकुंकवात ओळखही निघाली होती. बसमधून जाताना मी ममताला म्हटलं होतं, "अपनी है, सुनेगी।"

तिनं ऐकलं, हे खरं आहे. पाणी दिलं, चहा मागवला, ममतानं बोलताना मध्ये थांबून पदर तोंडाला लावला तेव्हा टिश्यूचा डबा पुढे सरकवला. सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाली, "ममता, कंपनी तुम्हारे साथ है।" परत येऊन आम्ही उज्जैनच्या देवास गेटला उतरलो तेव्हा ममतानं मुलीसाठी कचोरी घेतली. इतकी ती हलकी झाली होती.

दिवस गेले. मी फोन करायची, अनघा म्हणायची, "काकू, प्रोसेस चालू आहे." वरच्या मजल्याच्या कॅमेऱ्यात ममता त्या दिवशी पळत बाहेर आलेली दिसली असती. ते काढून ठेवा असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. विचारलं तर उत्तर आलं, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. मग अनघा स्वतः उज्जैनला आली. ममताला म्हणाली, कंपनीनं तिची बदली इंदूरच्या मोठ्या हॉटेलात करायचं ठरवलंय. पगार वाढेल, राहायला खोली मिळेल.

ममता म्हणाली, "मेरी बच्ची यहाँ स्कूल में है। मेरा आदमी यहाँ मंडी में है। मैंने क्या किया जो मैं जाऊँ? उनको भेजो।"

ती बाहेर गेल्यावर अनघा माझ्याशी मराठीत बोलायला लागली.

"काकू, तुम्ही तिला समजावा ना. चांगली ऑफर आहे. साक्षीदार नाही, फुटेज नाही. काय सिद्ध करणार ती?"

"बलराम आहे. मी आहे."

"तुम्ही खोलीत होता का?"

"तू तरी होतीस का? मग साहेबांचं खरं कसं धरतेस?"

तिनं हातातली फाइल मिटली. मग म्हणाली, "काकू, खरं सांगू? लोकांना वाटतं एचआर म्हणजे कर्मचाऱ्यांची माणसं. तसं नसतं. आम्ही कंपनीची माणसं. कंपनीला त्रास होऊ नये एवढंच माझं काम. साहेब गेले तर या सीझनची सगळी लग्नं जातील. ममता गेली तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

मला तिचा राग आला, आणि एक गोष्ट बरीही वाटली. ती खोटं बोलली नव्हती. इतके दिवस मी तिच्या चहाला आणि काकू म्हणण्याला न्याय समजत होते. आता निदान कळलं की दार कुठलं ठोठावायचं नाही.

ममतानं बदली नाकारली, आणि आठवड्याभरात तिच्यावर चोरीचा आळ आला. नाशिकहून आलेल्या एका बाईंची सोन्याची साखळी खोलीतून गेली, आणि ती खोली नेमकी त्या दिवशी ममतानं साफ केली होती. आमच्या धंद्यात यासारखी दुसरी कुऱ्हाड नाही. कामचुकार म्हटलं तर माणूस दुसरीकडे लागतो. चोर म्हटलं की शहरातलं एकही हॉटेल उभं करत नाही. तिला त्याच दिवशी घरी बसवलं. वरून मला सांगितलं की ती आधीपासून बेभरवशाची होती असं लिहून द्या. मी म्हटलं, उलटं लिहून देते. तेव्हा माझ्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते, आणि हे तिथल्या तिथे मला आठवण करून देण्यात आलं.

संध्याकाळी ममताच्या घरी गेले. दिनेश भिंतीला टेकून बसला होता. ममता म्हणाली, "दीदी, साब ने जो किया, वो मैं चार लोगों के सामने बोल दूँगी। मुझे शरम नहीं है, शरम उनको आनी चाहिए। पर चोर का नाम लेकर मैं गाँव में मुँह नहीं दिखा सकती। मेरी बच्ची को स्कूल में बोलेंगे।"

त्यावर दिनेश पहिल्यांदा बोलला. "आप बताओ कहाँ जाना है। मैं मंडी से छुट्टी ले लूँगा।"

कुठे जायचं हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या कॉलनीत विद्याताई राहतात, जिल्हा कोर्टात वकिली करतात. त्यांना सगळं सांगितलं. बोर्डाचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच सदस्य? बाहेरची बाई नाही? मग ती समितीच नाही, नुसता बोर्ड आहे." कंपनीत नीट समिती नसेल तर जिल्ह्याची एक स्थानिक समिती असते, तिकडे जाता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी आयुष्यभर मुलींना ट्रॉली दारात लावायला शिकवलं होतं, पण त्याच्यापुढचं काही मलाच शिकवलेलं नव्हतं.

पण चोरीचं काय? विद्याताई म्हणाल्या, "त्या नाशिकच्या बाईंशी कोणी बोललंय का?"

कोणीच बोललं नव्हतं. त्या बाई मला आठवत होत्या. सत्तरीच्या, ठणठणीत, खोली नीट नाही म्हणून दोनदा बदलून घेतली होती आणि जाताना माझा फोन नंबर मागून घेतला होता, पुढच्या वेळी आधीच तुम्हाला सांगेन म्हणून. त्यांनी तेव्हा केलेला मिस कॉल माझ्या फोनवर होताच. मी लावला.

"साखळी?" त्या म्हणाल्या. "अहो, ती तर सापडली! सुनेच्या पर्समध्ये होती. गाडी इंदूरला पोचायच्या आत मी तुमच्या रिसेप्शनला फोन करून सांगितलं. साहेबांनी स्वतः घेतला फोन. म्हणाले, बरं झालं आजी, काळजी मिटली."

मी त्यांना सांगितलं की त्या साखळीपायी एका मुलीला चोर ठरवलंय. मग त्या इतक्या जोरात बोलल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "माझ्या साखळीपायी? कुठं येऊन सांगायचं ते सांगा. मी येते."

ममतानं जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज दिला, आणि त्या आल्या. मुलानं नको म्हटलं तरी आल्या. कोठीवरच्या कलेक्टर कचेरीत, समितीच्या बायकांसमोर, ती साखळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही बघा. आता चोर कोण ते तुम्ही ठरवा." त्यांना हिंदी धड येत नव्हतं, मी मध्ये भाषांतर करायला गेले तर म्हणाल्या, "तुम्ही थांबा हो, त्यांना कळतंय."

बलराम आला. तीनदा घरून निघून परत फिरला होता, असं त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. हात मागे बांधून त्यानं एवढंच सांगितलं की साहेबांनी मला परत पाठवलं आणि ममतालाच पाठव म्हणाले. बाकीच्या मुलींनी, आम्हाला काही माहीत नाही, असं सांगितलं. त्यांतल्या दोघींना माहीत होतं. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं नाही. त्यांच्या घरी चूल कशावर पेटते हे मला ठाऊक होतं.

साहेब वकील घेऊन आले होते, त्याला बाहेरच बसवलं. माझ्याकडे पाहून हसले, नेहमीसारखेच. ममतानं त्यांच्यासमोर सगळं सांगितलं, फिनाइलच्या बाटलीसकट. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम चाहती क्या हो?" तोपर्यंत हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नव्हता. अनघानंही नाही, आणि खरं तर मीही नाही.

ती म्हणाली, "एक तो सबके सामने बोलें कि मैं चोर नहीं हूँ। दूसरा, ये वहाँ ना रहें।"

निकाल तिच्या बाजूनं लागला. तक्रार खरी, चोरीचा आळ सूड म्हणून घेतलेला, कंपनीनं भरपाई द्यावी आणि साहेबांवर कारवाई करावी. स्टाफ कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावून अनघानं वाचून दाखवलं की ममतानं चोरी केलेली नव्हती. वाचताना तिनं वर पाहिलं नाही. ममता पहिल्या रांगेत दिनेशबरोबर उभी होती, लग्नातली साडी नेसून.

दुसरं मात्र तिला हवं तसं झालं नाही. कारवाईचं पत्र निघायच्या आधीच साहेबांनी राजीनामा दिला आणि कंपनीनं तो घेतला. हॉलमध्ये केक कापला गेला. 'नव्या वाटचालीसाठी शुभेच्छा' असं त्यावर क्रीमनं लिहिलं होतं. केक मागवायचं काम माझ्याच खात्याकडे आलं, मी ते दुसऱ्याकडे दिलं. निर्मळ नाव घेऊन साहेब दुसऱ्या शहरात गेले. कंपनीला त्रास झाला नाही.

मला निवृत्तीपर्यंत ट्रेनिंग द्यायला म्हणून इंदूरला टाकलं. रोज बसनं जा-ये. शिकवायला कोणी नसायचं, एका खोलीत टेबल-खुर्ची दिली होती. आमचे हे म्हणाले, सोडून दे. मी सोडलं नाही. खुर्चीत बसून स्वेटर विणले. त्या वर्षी आमच्या घरात कोणाला थंडी वाजली नाही.

ममता त्या हॉटेलात परत गेली नाही. फ्रीगंजमधल्या एका हॉस्पिटलात लागली आणि आता तिथली सुपरवायझर आहे. दसऱ्याला सोनं द्यायला येते. तिची मुलगी माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करते, दोघींना हसू येतं.

गेल्या हिवाळ्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारी बाई दबक्या आवाजात बोलत होती. दुसऱ्या शहरातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग बघते म्हणाली. माझा नंबर कुणाकुणाला विचारत मिळवला होता. "मॅडम, हमारे यहाँ कुछ दिन पहले एक नए जीएम आए हैं। पहले उज्जैन में थे। मेरी एक लड़की है, वो दो दिन से काम पर नहीं आ रही। आप इन साहब को जानती हैं क्या?"

मी म्हटलं, "हाँ, जानती हूँ।" आणि मला माहीत होतं ते सगळं तिला सांगितलं. कुठं जायचं, बोर्डावर काय वाचायचं, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पहिल्याच दिवशी लेखी मागायचं, एचआरनं चहा दिला तर प्यायचा पण त्यावर विसंबायचं नाही. ममताचं नाव मात्र सांगितलं नाही. ते माझं नव्हतं.

संध्याकाळी ममताला फोन केला. हॉस्पिटलची पाळी संपवून ती घरी निघाली होती, मागे गाड्यांचे आवाज येत होते. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुझे इसमें नहीं पड़ना हो तो कोई बात नहीं। तूने अपना भुगत लिया है।"

ती रस्त्याच्या कडेला सरकली असावी, हॉर्न जरा लांब गेले.

"दीदी," ती म्हणाली, "उस लड़की को मेरा नंबर दे दो।"